आदिनाथ पेंटरला न आलेलं तोंड

पाटोद्याच्या बसस्थानकासमोर माझं फ्रेमचं दुकान आहे. देवांच्या फ्रेमा, लग्नाच्या फ्रेमा आणि सगळ्यात जास्त गेलेल्या माणसांच्या. माणूस गेला की दहाव्याच्या आत घरचं कुणीतरी फोटो घेऊन माझ्या दारात उभं राहतं. आता बहुतेक जण मोबाइलवरून मोठं छापून आणतात, मी काच आणि लाकूड बसवून देतो, विषय संपला. पण काही घरांना अजून हातानं काढलेलं चित्रच लागतं. त्यांना मी सांगतो, "मागच्या गल्लीत जा, आदिनाथ पेंटरकडं." तीस वर्षं हेच सांगत आलोय. आदिनाथ माझा मित्र. म्हणजे त्याला तोंडावर शिव्या द्यायचा हक्क तालुक्यात मला एकट्याला आहे.

सुरुवातीला तो ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर नावं टाकायचा, निवडणुकीत भिंती रंगवायचा. मग कुणाच्या तरी म्हाताऱ्याचं चित्र काढलं, ते बरं उतरलं आणि हा त्यातच अडकला. त्याचं काम बघण्यासारखं होतं, हे मात्र मी कबूल करतो. जाड मांजरपाट लाकडी चौकटीवर ताणायचा, त्याला सरस आणि सफेद्याचे तीन हात द्यायचे. बोटाच्या पेरानं ठोकून बघायचा. आवाज टणक आला नाही तर कापड काढून परत ताणायचा, मग गिऱ्हाईक दारात ताटकळत का असेना. अंगाचा तयार रंग त्यानं कधी वापरला नाही. पिवळी माती, गेरू, पांढरा आणि सुईच्या टोकावर मावेल एवढा काळा, जवसाच्या तेलात घोटून तो स्वतः करायचा. "त्या ट्यूबातला रंग बाहुलीचा हाय," म्हणायचा. "मानसाचा न्हाई."

ज्या बाईचा फोटोच नसायचा, तिचं काम तर त्याला जास्त आवडायचं. घरचे सगळे ओट्यावर ओळीनं बसवायचे. कपाळ थोरल्या लेकीचं घ्यायचं, नाक भावाचं, हनुवटी एखाद्या नातीची. असं गोळा करत करत बाई उभी करायची. डोळे सगळ्यात शेवटी, तेही घरच्यांना समोर बसवून. बुबुळावर पांढरा ठिपका टेकवला की हा चित्राकडं बघायचाच नाही, माणसांकडं बघायचा. त्यांच्यातलं कुणीतरी रडायला लागलं की ब्रश खाली ठेवायचा. "रडलं की झालं," एवढंच त्याचं शास्त्र होतं.

आणि लोक काय काय सांगायचे. "जरा उजळ करा, पेंटर. उन्हातानात गेलं तिचं, आता तरी गोरी दिसू द्या." "पुढचे दात तेवढे झाका." "नथ घाला, जल्मात घातली न्हाई बिचारीनं." आदिनाथ सगळ्याला मान डोलवायचा. सुरकुत्या पुसायचा, ओठ मिटवायचा, गालांना भर द्यायचा. मीही गिऱ्हाइकाला सांगायचो, बिनधास्त सांगा काय सांगायचं ते, तो करतो.

आता वनमालावहिनी. आदिनाथची बायको.

आमच्याकडं ऊसतोडीला दोघांची जोडी लागते, त्या जोडीला एक कोयता म्हणतात. बहुतेक कोयते नवरा-बायकोचे. आदिनाथ तोडीला जायचा नाही. कोयता धरला की हात थरथरतो, मग ब्रश चालत नाही, असं त्याचं म्हणणं. म्हणून वहिनी भावाबरोबर, गहिनीनाथबरोबर, जोडी लावून जायच्या. दसरा झाला की निघायच्या, गुढीपाडव्याच्या आगंमागं परत यायच्या. लेक दिपाली बापाजवळ राहायची. घर वहिनींच्या कोयत्यावर चाललं, हे आदिनाथ चारचौघांत सांगायचा आणि सांगताना त्याला काहीच वाटायचं नाही. मला त्याचा याच गोष्टीचा राग यायचा.

दिपाली दोन वर्षांची असताना उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढताना वहिनी घसरल्या आणि पुढचे दोन दात गेले. तेव्हापासून त्यांचा पदर तोंडावर आला तो कायमचा. बोलताना पदर, हसताना पदर. जेवायलासुद्धा भिंतीकडं तोंड करून बसायच्या.

सहा-सात वर्षं झाली असतील, मी त्यांच्याच घरात बसलो होतो. वहिनी चहा गाळता गाळता म्हणाल्या, "समद्या तालुक्याच्या बाया काढल्या. माजं कवा काढता?"

आदिनाथ कुठल्यातरी म्हातारीच्या नथीचा मोती काढण्यात गुंतला होता. मान वर न करता म्हणाला, "आदी दात बसवून घे. मंग काढू."

वहिनी पदराआडून हसल्या. मीही हसलो. दात काही बसवले गेले नाहीत आणि तो विषय परत निघाला नाही. त्या दिवशी मी कशाला हसलो, हे आठवलं की आज जीव नकोसा होतो.

मागच्या श्रावणात वहिनींना कावीळ झाली आणि नऊ दिवसांत त्या गेल्या. दिवसकार्याला चित्राच्या जागी नुसता पाट मांडला होता. आलेले पाहुणे दबक्या आवाजात बोलायचे ते बोलले. आदिनाथनं सगळ्यांसमोर सांगितलं, वर्षश्राद्धाला तिचं चित्र तयार असेल. मला वाटलं, दुसऱ्यांच्या शेकडो बायका यानं उभ्या केल्या, ही तर घरची.

दिवाळीनंतर त्यानं कापड ताणलं. संक्रांतीपर्यंत डोळे सोडून चित्र झालं. मी बघायला गेलो, "चांगलं झालंय" म्हणालो. खरंच चांगलं होतं. आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दिपाली उमापूरहून माहेरी आली. तिला खुर्चीत बसवून आदिनाथनं तिच्यासमोर डोळे काढले, बुबुळावर ठिपका ठेवला आणि लेकीकडं बघत उभा राहिला.

दिपाली रडली नाही. बराच वेळ बघून म्हणाली, "आबा, ही आई न्हाई."

"मंग कोन हाय?"

"कोन का आसंना. चांगली बाई हाय. पन आई न्हाई."

"काय चुकलंय ते सांग. नाक? कपाळ?"

"तोंड," ती म्हणाली. "तोंड आसं नव्हतं तिचं."

"मंग कसं होतं?"

दिपालीनं सांगायला हात वर केला. स्वतःच्या ओठांपाशी नेला आणि तिथंच थांबली. मला त्या पोरीची दया आली. वर्षातले सहा महिने आई उसात, उरलेले सहा महिने पदराआड. सांगणार काय ती?

तिच्या मोबाइलमध्ये आईचे अकरा फोटो निघाले. अकराही फोटोंत पदर. आधार कार्डावर पदर नव्हता, पण तिथं वहिनींनी ओठ असे आवळून धरले होते की कुणी पोलीस ठाण्यात उभं केलंय असं वाटावं. दिपालीनं तो आधारचा फोटो मोबाइलच्या कुठल्याशा ॲपमध्ये टाकला. ॲपनं दहा सेकंदांत वहिनींना हसवलं. बत्तीसच्या बत्तीस दात, पांढरेशुभ्र, आणि रंग चांगला दोन हात उजळ. दिपालीनं फोन घाईनं पालथा घातला. आदिनाथनं तो तिच्या हातातून घेतला, परत बघितलं आणि म्हणाला, "हे बी माज्यावानीच करतंय की."

त्यानंतर त्यानं तोंड पुसायचं आणि परत काढायचं असं सुरू केलं. चिंधीला टर्पेंटाइन लावून ओला रंग पुसायचा, वाळलेला लोखंडी पत्रीनं खरवडायचा, नवा लावायचा. मी गेलो की प्रत्येक वेळी वेगळे ओठ. खोली त्या वासानं भरलेली, ह्याचे डोळे लाल. बाहेरचं एक काम त्यानं घेतलं नाही. जेवणाचं विचारलं तर वसकन अंगावर यायचा.

एक दिवस म्हणाला, गहिनीनाथला विचारू. बावीस हंगाम तो बहिणीबरोबर एका कोयत्यावर होता. उन्हात, उसाच्या पाचटात, तोडीवरच्या कोपीत म्हणजे झोपडीत, त्याच्याएवढं तिला कुणी बघितलं असणार? मलाही ते पटलं. मोटारसायकलवर याला मागं बसवून डोंगरातल्या वस्तीवर नेलं. गहिनीनाथ शेळ्यांना पाला टाकत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"दाजी," तो म्हणाला, "कोयत्यावर कोन कुनाचं तोंड बगतंय? सकाळच्या अंदारात फडात शिरायचं. ती म्होरं, मी मागं. वाकलेली आसायची. मला तिची पाठ ठावं हाय. पाठीवर पोलकं कुटं इरलंय ते बी सांगतो. मोळी उचलताना उजवा खांदा आदी वर घ्यायची. पाठ काढायची आसल तर सांगतो तुमाला, बारीकसारीक समदी."

तो चेष्टा करत नव्हता. मन लावून सांगत होता, बहिणीचं आपल्याजवळ जे होतं ते देत होता. आदिनाथ उठला आणि गाडीपाशी जाऊन उभा राहिला.

परतताना त्याच्या डोक्यात भिवराबाई आली. लिंबागणेशच्या मोहनरावांची आई. एकोणीस वर्षांपूर्वी त्यानं ती काढली होती, एकही फोटो नसताना, मोहनराव आणि त्यांच्या बहिणींना ओट्यावर बसवून. त्याच्या मते ते त्याचं सगळ्यात चांगलं चित्र. "त्या म्हातारीचं तोंड मला बराबर सापडलं होतं," तो म्हणाला. "कसं सापडलं ते जाऊन बगतो. तिथं कळंल."

दुसऱ्या दिवशी लिंबागणेशला गेलो. मोहनराव म्हणजे बागाईतदार माणूस, घरात कायम चार कार्यकर्ते बसलेले. त्यांनी कौतुकानं आम्हाला आतल्या खोलीत नेलं. भिंतीवर भिवराबाई, चंदनाचा हार, खाली समई. फ्रेम माझीच. काच अजून स्वच्छ होती.

आदिनाथ जवळ गेला. मग लांब गेला. मग परत जवळ. मी त्याच्याकडं न बघता समईकडं बघत उभा होतो, कारण त्याला आता काय दिसणार हे मला ठाऊक होतं. गोरा रंग, भरलेले गाल, मिटलेले ओठ, त्यांच्या कडेला ती जराशी माया. घरी चौकटीवर जी बाई ताणून ठेवली होती, तीच ही.

तो मोहनरावांना म्हणाला, "मालक, खरं सांगा. आईचं तोंड आसंच होतं का?"

मोहनराव दिलखुलास हसले. "आसंच की. तुमीच काढलंय."

"न्हाई. तुमाला आठवतं का, ते इचारतो. हे चित्र सोडून."

मोहनरावांचं हसू ओसरलं. तोंडातली सुपारी त्यांनी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली. "तवा तुमी डोळं काढलं आन मी रडलो, ते ध्यानात हाय का? खरं सांगू का पेंटर, त्या टायमाला मी चित्राकडं बगून रडलो न्हवतो. आईच्या आठवनीनं रडलो होतो. कुनाचं बी चित्र म्होरं आसतं तरी रडलोच आसतो. आन आता आठवायला गेलं की हेच येतं. मूळचं तोंड येत न्हाई. लई परयत्न केला." मग आमची तोंडं बघून घाईनं म्हणाले, "पन चांगलं हाय. पोरं पाया पडत्यात. चहा घ्या."

आम्ही चहा घेतला.

येताना वाटेत त्यानं गाडी थांबवायला लावली. बाभळीखाली बसला. म्हणाला, "पंडित, तुला ठावं होतं बे."

"व्हय."

"कवापासनं?"

"लई वर्षं झाली. काच बसवायच्या आदी पुसताना दिसायचं. दोन फ्रेमा शेजारी आल्या की जास्तच."

"मंग कावून बोलला न्हाईस?"

गिऱ्हाईक खूश होतं. तो खूश होता. माझं दुकान चाललं होतं. आणि मला वाटायचं, गेलेल्या माणसाला काय फरक पडतो? हे सगळं मी त्याला अडखळत सांगितलं. त्यानं मध्ये एकदाही तोडलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तीनशे तरी बाया आसतील," तो शेवटी म्हणाला. "काळ्या, सावळ्या, दात पडलेल्या, गाल बसलेल्या. समद्यांवर मी एकच बाई सारवली. घरचे रडायचे, मला वाटायचं आपलं बराबर हाय." त्यानं माझा हात धरला. "इतून म्होरं मला खोटं सांगू नको, पंडित. येवढं एक कर."

मी बरं म्हणालो.

नंतर पंधरा-वीस दिवस तो मला भेटला नाही. दार आतून लावलेलं असायचं. वर्षश्राद्धाला तीन दिवस उरले तेव्हा त्यानं निरोप पाठवला, ये.

गेलो तर त्यानं जुनं चित्र पार खरवडून काढलं होतं आणि त्याच कापडावर नव्यानं काम केलं होतं. मी दारातच थांबलो. वहिनी होत्या. रंग अजिबात उजळ नाही, उन्हानं रापलेला. गळ्यापाशी घामोळं उठून राहिलेला डाग. कपाळावर आठ्या, डोळ्यांखाली काळं, डावी भुवई पाचटानं कापली होती तिथं केस नाहीत. लुगड्याचा पदर खांद्यावर नुसता टाकलेला. इतकं खरं चित्र त्याच्या हातून मी कधी बघितलं नव्हतं, आणि मी त्याच्या हातची शेकडो चित्रं बघितली आहेत. फक्त नाकाखाली, हनुवटीच्या वर, कापड कोरं होतं. सफेद्याचा एवढासा तुकडा.

"समदं आलं," आदिनाथ म्हणाला. "हे येत न्हाई. डोळं मिटलं की मोहनरावाची म्हातारी येते. मी वनमालाला हाक मारतो आन भिवराबाई येते." त्यानं चिंधीनं हात पुसले. "मी तिच्यासंगं पस्तीस वर्षं काढली रे. दात बसवून घे म्हनालो. तशीच काढली आसती तर काय झालं आसतं? कोन हसनार होतं?"

मी हसलो होतो. पण ते त्याच्या लक्षात नसावं.

मग त्यानं तो प्रश्न विचारला. "तू हितं रोज यायचास. तिनं तुला चहा दिला. ती हसायची तवा वठ कुठल्या अंगानं वर जायचा? एका अंगानं जायचा येवढं मला पक्कं ठावं हाय. डाव्या का उजव्या?"

मी आठवून बघितलं. अगदी मनापासून आठवून बघितलं. कप धरलेला हात आठवला, हिरव्या बांगड्या आठवल्या, पदराचा काठ आठवला. तोंड काही येईना. मित्राच्या बायकोच्या तोंडाकडं निरखून कोण बघतं? मान खाली घालूनच चहा प्यायचा, तशीच आपली रीत. त्यातून पदर. तीस वर्षं मी त्या घरात येत होतो आणि वहिनी कशा हसायच्या हे मला ठाऊक नव्हतं.

आदिनाथनं रंग घोटून ठेवला होता. बारीक ब्रश हातात होता. तो माझ्याकडं असा बघत होता, जणू तालुक्यात आता दुसरं कुणी विचारायला उरलंच नव्हतं. ते खरंच होतं.

"डाव्या," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की. डाव्या अंगानं. मला चांगलं ध्यानात हाय."

त्यानं मान हलवली, दोनदा. मग चित्राकडं वळला. अर्ध्या तासात ओठ झाले. उघडे, मध्ये दोन दातांची काळी जागा आणि डावीकडून जरा वर गेलेले. मी दाराच्या चौकटीला टेकून बघत होतो. चांगले उतरले होते.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी दिपाली आली. या वेळी आदिनाथनं तिला खुर्चीत बसवलं नाही, समोर उभाही राहिला नाही. तो मागच्या दारात पायरीवर पाठ करून बसून राहिला. मी फ्रेमचं माप घ्यायला गेलो होतो. दिपालीनं पिशवी खाली ठेवली, चित्रापाशी आली आणि तिचा हात आपोआप स्वतःच्या डाव्या ओठाकडं गेला.

"व्हय की," ती म्हणाली. "डावीकडूनच हसायची आई. मी कशी इसरले होते?" मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आता चांगलं आठवतंय, काका. आगदी डोळ्यांम्होरं येतंय."

पायरीवरून आदिनाथनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी टेप काढली आणि चित्राची रुंदी मोजायला लागलो.